शंभर अधिक वय, हे गणित सोड

बीपीचं मशीन घेतलंस ते चांगलं केलंस, पोरी. आता एक जुना हिशोब डोक्यातून काढ. शंभरात वय मिळवायचं आणि तेवढं वरचं बीपी चालतं म्हणायचं, म्हणजे सत्तरीच्या माणसाला १७०! वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो, पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरू लागतो, हे खरं. पण चढतो म्हणून चालतो, असं नाही. साठीपुढच्या, फक्त वरचंच बीपी वाढलेल्या माणसांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. १९९१ साली त्याचे निष्कर्ष आले, औषधाने पक्षाघाताचं प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटलं होतं. तेव्हा सासऱ्यांचं खालचं ७० आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. वरचं १६० येत असेल तर डॉक्टरांकडे न्यायचंच.

तुम्हा तिशी-चाळिशीतल्यांचं १२०/८०च्या आत असावं. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर येत राहिलं, तर ते वाढलेलं बीपी. घरी १३५/८५पासूनच सावध व्हायचं. लहान मुलांना हे आकडे लावू नकोस. त्यांचं बीपी मुळात कमी असतं, डॉक्टर वय आणि उंची बघून ठरवतात, पट्टाही लहान लागतो. आणि दिवस गेलेल्या बाईचं १४०/९० आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बरगड्यांखाली दुखत असेल, तर तडक दवाखाना.

सगळा घोळ होतो तो मोजण्यात. जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळायचा नाही. आधी लघवीला जाऊन यावं, मग पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसावं. पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर. पोलक्याची घट्ट बाही नुसती वर सरकवलीस तर आकडा चुकतो. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मिश्री बंद. मोजताना बोलायचं नाही, हे सासऱ्यांना दर वेळी सांगावं लागेल, सांग. मिनिटभराने पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे वहीत लिही. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघ, जास्त येईल तोच हात पुढे धर.

म्हाताऱ्या माणसाचं बीपी उभं करूनही मोजावं, हे मी वॉर्डात सगळ्या नव्या मुलींना शिकवलं. उठल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २०ने घसरला, तर चक्कर येते, माणूस बाथरूमच्या दारात पडतो आणि खुबा मोडतो. रात्री उठताना त्यांना आधी पलंगाच्या कडेला बसू दे. ऐंशीपुढे डॉक्टर कधी आकडा थोडा सैल धरतात. तो त्यांनी ठरवायचा, आकडा बरा आला म्हणून घरच्या घरी गोळी बंद करायची नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पापड-लोणचं त्यातच धरून. सैंधव हेही मीठच. आणि गुडघ्यांसाठी सासरे दुकानातून परस्पर ज्या गोळ्या आणतात ना, ते पाकीट पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखव. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं.