गोठ्याचा ताळेबंद

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा पैसा वर्षाकाठी येतो. दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी हाती पडते. ‘गोकुळ’ या नावाने परिचित असलेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला आणि गावोगावच्या दूध संस्थांमधून हा व्यवहार रुजत गेला. आज अनेक संस्थांत दुधाचे माप, फॅट व एस.एन.एफ. यांची नोंद थेट संगणकात होऊन पावती तत्काळ मिळते.

तथापि, ही केवळ जमेची बाजू होय. खर्चाची बाजू उत्पादकानेच लिहावयाची असते. समजा, एक म्हैस रोज ८ लिटर दूध देते व लिटरला ५० रुपये मिळतात. विकतची वैरण, पेंड व औषधे यांचे २५० रुपये वजा जाता रोज १५० रुपये उरतात. ३०० दिवसांत ४५,००० रुपये. परंतु पुढील १२० भाकड दिवसांत रोज १५० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये खर्ची पडतात. खरी शिल्लक २७,००० रुपयेच राहते. घरची वैरण व घरच्यांची मेहनत यांचे मोल धरल्यास तीही घटते.

म्हणूनच हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जनावराचे स्वतंत्र खाते उघडणे हितावह ठरते. कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक हाच खातेक्रमांक करावा. खर्चाची नोंद त्याच दिवशी करावी. संगणक बेरीज अचूक करतो, पण विसरलेला खर्च त्याला ठाऊक नसतो. जनावर ठेवावे की विकावे, कर्ज काढून दुसरे घ्यावे की नाही, याचा निर्णय दहा दिवसांच्या बिलावर नव्हे, तर एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंतच्या ताळेबंदावर घ्यावा.