द्राक्षबाग लावताना : आधी गिऱ्हाईक, मग वेल

द्राक्षे विकण्याचा धंदा आपल्या बागवान बंधूंना नवा नाही. पण विकणे वेगळे आणि लावणे वेगळे. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावी कोणी अर्धा एकर द्राक्ष लावू इच्छित असेल, तर त्याने रोपाआधी गिऱ्हाइकाचा विचार करावा. मिरची परवडली नाही तर पुढच्या साली पीक बदलता येते. द्राक्षाचा वेल मात्र मंडपासह दहा-पंधरा वर्षे टिकवायचा असतो.

जातींचे तीन गट आहेत.

१) खाण्याची द्राक्षे : थॉमसन सीडलेस, त्यातूनच निवडलेली तास-ए-गणेश आणि काळ्यात शरद सीडलेस. हा ताजा माल थांबत नाही, भाव पडला तरी विकावाच लागतो.

२) खाण्याची व बेदाण्याचीही : थॉमसन, सोनाका, माणिक चमन. भाव पडल्यास माल सुकविता येतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगली-तासगावच्या बाजारात त्याचे सौदे होतात. लहान बागाईतदाराला दोन वाटा मोकळ्या ठेवणारी हीच जात बरी.

३) वाईनची : शेनिन ब्लाँ, शिराझ वगैरे. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिककडे यांची लागवड वाढली. कारखान्याचा करार मोह घालतो. परंतु हे मणी बारीक व बियांचे असल्याने दुसरे गिऱ्हाईक मिळणे कठीण. म्हणजे वेल लावतानाच माल दारूसाठी बांधला गेला! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दारूच्या संदर्भात पिणाऱ्याबरोबरच गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा व तिची किंमत खाणारा यांनाही धिक्कारले आहे. द्राक्षविक्रीच्या तपशिलात फुकहांचे मतभेद असले, तरी जाणूनबुजून या वाटेला न जाण्यातच बरकत आहे.

जात ठरली की खुंट पाहावा. पाणी कमी किंवा खारे असल्यास डॉगरीज खुंटावर कलम करतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच कडक उन्हाळा असतो. म्हणून मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहते ते पाहूनच क्षेत्र ठरवावे. माती-पाण्याची तपासणी आधी करावी. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथील सल्ला उपयोगी पडेल.

आणि हिशेबात उश्र विसरू नये : स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकात विसावा हिस्सा हक्कदारांचा आहे.