तलावाची फेरी आणि गोळ्या

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डिप्रेशनसाठी गोळ्या सुरू आहेत. शेजारचे काका म्हणतात, ‘रोज रोडपाली तलावापर्यंत चाल, गोळ्या आपोआप सुटतील.’ तो तर अंथरुणातूनच उठत नाही. व्यायामाने खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, रोडपाली

उत्तर : पडतो. पण काका सांगतात तसा नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी १९९९ साली पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला सर्ट्रालिनच्या गोळ्या, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा भरभर चालणं किंवा धावणं, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली; सुरुवातीला मात्र गोळ्यांनी लवकर गुण आला. काकांच्या बाजूने एवढं नक्की बोलता येईल. फक्त, ती माणसं ठरल्या वेळी व्यायामाला हजर राहू शकत होती. तुमच्या भावाचं घोडं नेमकं तिथेच अडलंय. उठावंसंच न वाटणं हा आळस नव्हे, आजाराचंच लक्षण आहे.

म्हणून ‘बरं वाटलं की जाऊ’ असं म्हणत थांबू नका. आधी हालचाल, उत्साह मागाहून. बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन ही उपचारपद्धती याच क्रमावर उभी आहे. पहिले काही दिवस चपला घालून सोसायटीच्या गेटपर्यंत, बस्स. तुम्ही सोबत जा, वेळ रोज एकच ठेवा आणि वाटेत उपदेश करू नका. (हे शेवटचं सगळ्यात अवघड!) अंगवळणी पडलं की तलाव. आठवड्याला १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आत्ताच त्याच्या कानावर घालू नका.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. तळोजा एमआयडीसीचा उग्र वास पसरला असेल त्या दिवशी बाहेर पडू नका; घरातच हातपाय हलवा. ट्रकच्या रस्त्याने चालणंही टाळा.

गोळ्या कमी करायच्या की बंद, हे डॉक्टरच ठरवतील. अचानक सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता येते, आजारही उलटू शकतो. जगणं नको असं तो बोलू लागला, तर त्याला एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केलेला चालतो.