फायबरमधले बुडबुडे: दुरुस्तीला किती लागतात, पैसे कुठे वाया जातात

मामा (माजी मालगुजारी) तलावावरची मासेमारीची नाव असो की घरच्या कुलरची टाकी, फायबरवर फुगा दिसला की आधी एक नाणं घ्या आणि ठोकून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, आत हवा असेल तिथे पोकळ. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा, मोजा, फोटो काढा. हे कारागिराकडे जाण्याआधीच करा. जागा मोजलेली नसली की हातभर दुरुस्तीला अख्ख्या तळाचे पैसे लागतात.

सगळ्यात स्वस्त सांगितली जाणारी दुरुस्ती म्हणजे वरून पुट्टी आणि रंग. ती घेऊ नका. हवा आतच राहते, उन्हात फुगते, भेगेतून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही दुसऱ्यांदा पैसे देता. तीन मिलिमीटरपर्यंतचा बुडबुडा असेल तर ड्रिलने उघडायचा, कोरडा करायचा, रेझिन भरायचं, घासायचं. मोठा असेल तर पोकळ भाग पूर्ण घासून काढायचा आणि कडेला उतार द्यायचा: एक मिलिमीटर जाडीला बारा मिलिमीटर. म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या नावेला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर. दर ठरवताना ठिगळ भोकापेक्षा मोठं असणार हे धरून चाला.

आता मालाचा हिशेब. काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) मॅटचा एक थर बसला की साधारण एक मिलिमीटर जाडी मिळते. एक फूट बाय एक फूट ठिगळाला पाच थर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आत मॅट, आणि तिच्या दुप्पट ते अडीचपट वजनाचं रेझिन, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. साधं पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, दोन्हींचा किरकोळ भाव किलोला अंदाजे १५० ते २५० रुपये धरा. माल दोनशेच्या आत बसतो. पण रेझिन सुटं अर्धा किलो मिळेलच असं नाही. शिवाय हार्डनर, खाचांचा रोलर, ॲसिटोन, सँडपेपर, हातमोजे. पहिल्या वेळी हजार-दीड हजारांची तयारी ठेवा, मास्कचे वेगळे. मास्क रसायनाच्या वाफेसाठीचा, कार्ट्रिजचा हवा. कापडी मास्क इथे कामाचा नाही. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हे तिथेच विचारा.

आपल्या गोंदियात माल मिळाला नाही तर १३० किलोमीटरवर नागपूर. तिथून रेझिन, हार्डनर किंवा ॲसिटोन पिशवीत घालून रेल्वेने आणू नका. असा पेट घेणारा माल डब्यात नेणं रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदारालाच वाहतूकदारामार्फत पाठवायला सांगा आणि भाडं आधी ठरवा. रेझिन कोबाल्ट (गोठण्याची गती वाढवणारं रसायन) मिसळलेलंच मागा. कोबाल्ट सुटं घेतलं आणि ते हार्डनरमध्ये थेट पडलं तर स्फोट होतो.

बुडबुडे होतात ते बहुतेक हाताच्या घाईने. रेझिन जोरात फेटू नका, सावकाश ढवळा. आधी पृष्ठभागावर रेझिन लावा, मग मॅट टाका, म्हणजे रेझिन खालून वर चढतं आणि हवा बाहेर ढकलतं. कोरडी मॅट ठेवून वरून ओतलं की हवा खाली अडकलीच. मग खाचांचा रोलर मधून कडेकडे फिरवा. काटकोनी कोपऱ्यात मॅट वाकत नाही. कोपरा आधी गोल करा. रेझिन घट्ट वाटलं म्हणून त्यात थिनर टाकणारा कारागीर भेटला तर काम तिथेच थांबवा. थर कच्चा राहतो आणि थिनर उडताना नवे बुडबुडे करतो.

हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के: किलोला १० ते २० ग्रॅम, तोही वजनकाट्यावर. झाकणाने मोजायचा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा १० ग्रॅमच्या जवळ राहा आणि एका वेळी पाव किलोच कालवा. नाहीतर डब्यातच गोठतं. लाकडी डोंग्यावर फायबर चढवत असाल तर दुपार टाळाच. लाकूड तापत असताना आतली हवा बाहेर टाकतं आणि ती ओल्या थरात अडकते. ऊन उतरल्यावर, लाकूड थंड होत असताना काम धरा. डोंगा आधी पूर्ण वाळलेला हवा. लाकडाला एपॉक्सी जास्त चांगलं धरतं, पण महाग पडतं. ते घेतलंत तर मॅटऐवजी विणलेलं काचेचं कापड घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम काढूच नका.

थर ओला असताना बुडबुडा दिसला तर सुईने टोचा, रोलर फिरवा. गोठायला लागला की हात लावू नका. वाळू द्या, घासा, मग भरा. एका बैठकीत दोन-तीन थर पुरेत, जास्त थरांनी उष्णता वाढते. हार्डनर डोळ्यात उडाला तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. डोळा जाऊ शकतो. उरलेलं कालवलेलं रेझिन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तापून पेट घेतं. उघड्यावर थंड होऊ द्या.

कारागिराला द्यायचं असेल तर चौरस फुटाचा दर, थर किती, मॅट किती ग्रॅमची आणि रंग धरून की वेगळा, हे कागदावर घ्या. पैसे दोन भागांत द्या. दुसरा भाग आठवडाभर वाळल्यावर, पुन्हा नाणं वाजवून. पक्कं बिल घ्याच. काम बिघडलं आणि समोरचा ऐकेना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे फी नाही. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. बिल, ठरावाचा कागद, आधीचे-नंतरचे फोटो सोबत लावा. मुदत दोन वर्षांची आहे.