एक तारीख, दोन वाचने

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून जवळच उतई हे लहान नगर वसले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशाचे विभाजन होऊन नवे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा उतईही त्यात समाविष्ट झाले. तो दिवस अंकांत ‘०१/११/२०००’ असा लिहितात. भारतात प्रथम दिवस व नंतर महिना वाचतात. अमेरिकेत प्रथम महिना वाचण्याचा प्रघात असल्याने तेच अंक तेथे ११ जानेवारी दर्शवितात.

संगणकातील नोंदींत हा भेद केवळ लेखनपद्धतीचा राहत नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारलेल्या डेटाबेसमध्ये माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवली जाते. तारखेच्या रकान्यात मात्र लिहिलेले अंक जसेच्या तसे साठविले जात नाहीत. पोस्टग्रेस या प्रणालीत १ जानेवारी २००० पासून लोटलेल्या दिवसांची संख्या साठविली जाते. १ नोव्हेंबरसाठी ती ३०५, तर ११ जानेवारीसाठी अवघी १० होय. यांपैकी कोणती संख्या साठवावयाची, हे तारखेच्या क्रमाविषयीची सेटिंग ठरविते.

ही सेटिंग अमेरिकन क्रमाची असता ‘१३/११/२०००’ ही नोंद पोस्टग्रेस नाकारते. कारण तेरावा महिना नसतो. दिवसाचा अंक बारा किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र चूक निमूटपणे स्वीकारली जाते. अशा तारखा वर्षात १४४ असतात. त्यांपैकी ५ मे यांसारख्या, दिवस व महिना यांचे अंक समान असलेल्या १२ तारखा वगळता उरलेल्या १३२ तारखांस हा धोका संभवतो. विद्यार्थ्याची जन्मतारीख अशा रीतीने उलटली, तर त्याचे वय कित्येक महिन्यांनी चुकते आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘२०००-११-०१’ असे लिहावे, म्हणजे संदिग्धता उरत नाही. वाचकापुढे तारीख मांडताना स्थानिक पद्धत खुशाल पाळावी. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत हाच दिवस १० कार्तिक, शके १९२२ असा येतो. मांडणी कोणतीही असो, साठविलेली संख्या ३०५ हीच राहिली पाहिजे.