रस्त्यावर फोटो काढताना

प्रश्न : मी दुबईतल्या जबल अलीत नोकरी करतो. सुटीच्या दिवशी मोबाइलवर बसथांबे, चहाची दुकानं, रंगवलेल्या भिंती टिपतो. सार्वजनिक जागेत कुणाची परवानगी लागत नाही ना?
– एक वाचक, जबल अली

उत्तर : अमिरातीत हा समज चालत नाही. २०२१च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार सार्वजनिक जागीही संमतीविना दुसऱ्याचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं; शिक्षा किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही.

पण छंद सोडू नका. चेहरा हवा असेल तर आधी विचारा. नकार मिळाला तर हसून पुढे व्हा. एरवी सावल्या, पाठमोऱ्या आकृती टिपा. बंदर, सरकारी आणि लष्करी इमारती टाळा. भित्तिचित्रांसाठी दुबईच्या सतवा भागातला 'सेकंड डिसेंबर स्ट्रीट' गाठा. फोटो विकायचा असेल, तर चित्रकाराची परवानगीही घ्या.