बोटं आपली, बटणं कोणाची?

हॉस्टेलवर भांडणाचे विषय ठरलेले असतात. मेसची भाजी, सकाळी बाथरूमचा नंबर आणि लॅनवर गेम लावल्यावर येणारं ते वाक्य : "काय रे हा तुझा माऊस, खेळताच येत नाही याच्यावर!" पहिल्या दोन विषयांवर भरपूर लिहून झालंय. तिसऱ्यावर मात्र कोणी अभ्यास केलेला दिसत नाही. तो करायचा हा एक प्रयत्न. सर-मॅडमनी "गेम" हा शब्द वाचून पान उलटू नये, कारण पुढे मॅट्रिक्स, भागाकार आणि थोडा इतिहासही आहे.

प्रश्न साधा आहे. एकच गेम, एकच कीबोर्ड, तरी प्रत्येकाची बटणं वेगळी का? ही निव्वळ आवड की त्यामागे काही कारण?

बाण गेले, डब्ल्यू-ए-एस-डी आलं

१९९२ च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडीमध्ये आणि १९९३ च्या डूममध्ये चालायचं ते बाणांच्या बटणांनी. गोळी कंट्रोलने, दार उघडायचं स्पेसने. वर-खाली बघायची सोयच नव्हती, त्यामुळे माऊसवाचून कोणाचं अडत नव्हतं. १९९६ ला क्वेक आला आणि सगळ्या दिशांना बघता यायला लागलं. आता उजवा हात माऊसवर हवा. मग बाणांवर कोण जाणार? डावा हात तिकडे नेला तर दोन्ही हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला गर्दी करतात, खांदे आखडतात. साहजिकच डावा हात आपल्या बाजूला सरकला.

तेव्हाही एकमत नव्हतंच, ज्याची त्याची मांडणी वेगळी. पण १९९७ मध्ये अमेरिकेत क्वेकची रेड ॲनिहिलेशन नावाची स्पर्धा झाली आणि ती डेनिस फाँग ऊर्फ 'थ्रेश' या पोराने जिंकली. बक्षीस काय, तर क्वेक लिहिणाऱ्या जॉन कारमॅकची स्वतःची फेरारी! थ्रेश डब्ल्यू-ए-एस-डी वापरायचा. फेरारी जिंकणाऱ्याची बटणं कोण उचलणार नाही? पुढच्याच वर्षी, १९९८ ला, हाफ-लाइफ आला तो डब्ल्यू-ए-एस-डी आधीपासून लावूनच. तेव्हापासून जे रूढ झालं ते आजतागायत आहे.

म्हणजे बघा, ज्याला आपण "नॉर्मल कंट्रोल" म्हणतो, ती एका पिढीच्या खेळाडूंची सवय आहे. निसर्गनियम नव्हे.

कीबोर्डच्या पोटात

सगळ्याच मांडण्या सारख्या मात्र नाहीत, आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्स जबाबदार आहे. १०४ बटणांना १०४ तारा कोण ओढणार? म्हणून बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवतात. ८ × १८ ची जाळी केली की २६ तारांत १४४ जागा मिळतात. कंट्रोलर एकेक ओळ तपासत जातो आणि कुठलं बटण दाबलंय ते शोधतो.

गंमत पुढे आहे. जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर करंट वळसा घालून जातो आणि चौथ्या कोपऱ्यावरचं, न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. याला घोस्टिंग म्हणतात. प्रत्येक बटणाला डायोड लावला की हा प्रश्न सुटतो, पण डायोडला पैसे पडतात. म्हणून स्वस्त कीबोर्ड सोपा मार्ग काढतो : अशा वेळी तिसरं बटण सरळ नाकारायचं. "मी उडी मारली होती रे, कीबोर्डने घेतलीच नाही!" ही तक्रार त्यामुळे दर वेळी थाप नसते. त्यात यूएसबीच्या साध्या 'बूट' पद्धतीत शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं सोडून एका वेळी सहाच बटणं कळवता येतात.

शोध घ्यायचा असेल तर नोटपॅड उघडा आणि आपल्या गेममधली तीन-तीन अक्षरं एकदम दाबून बघा. जे अक्षर उमटत नाही ते त्या जोडीत वापरू नका. पाच मिनिटांचं काम आहे, नवा कीबोर्ड घ्यायची गरज नाही.

"तुझी सेन्सिटिव्हिटी किती?"

हा प्रश्न आमच्या विंगमध्ये रोज विचारला जातो आणि तो अर्धाच असतो. माऊस एक इंच सरकला की किती टिचक्या कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. काउंटर-स्ट्राइकमध्ये मूळ सेटिंग असेल तर एका टिचकीला खेळाडू ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी इतका वळतो. म्हणून पूर्ण गिरकीसाठी लागणारे इंच असे :

३६० ÷ (०.०२२ × सेन्सिटिव्हिटी × डीपीआय)

सेन्सिटिव्हिटी २ आणि डीपीआय ४०० असेल तर उत्तर येतं सुमारे २०.५ इंच, म्हणजे ५२ सेंटीमीटर. तीच २ ठेवून माऊस १६०० डीपीआयचा घेतला तर फक्त १३ सेंटीमीटर. "मित्राचं सेटिंग जसंच्या तसं टाकलं तरी जमत नाही" याचं कारण हे. आकडा तोच, हात मात्र चौपट वळवतोय.

मग चांगलं कुठलं? १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि बटणं यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात माऊस सर्वांत वेगवान ठरला आणि त्याचे आकडे फिट्सच्या नियमात बसले. यातला बिल इंग्लिश म्हणजे एंगलबार्टबरोबर १९६४ मध्ये पहिला माऊस घडवणाराच.

आता हे आपल्या टेबलावर आणू. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवली की बारीक नेम सोपा जातो, पण मागे वळायला अख्खा हात फिरवावा लागतो. जास्त ठेवली की मनगटात काम भागतं, पण नेम थरथरतो. आपल्या रूमच्या टेबलावर लॅपटॉप, डबा आणि जर्नलं ठेवून जेमतेम एक फूट जागा उरते. ३० सेंटीमीटरमध्ये निदान अर्धी गिरकी बसली पाहिजे, एवढं बघून मी ८०० डीपीआयला २ ठेवली आहे. पूर्ण गिरकी २६ सेंटीमीटर. टेबल मोठं असतं तर कमी ठेवली असती. माझी 'आवड' बरीचशी त्या टेबलाने ठरवली आहे.

एक सूचना : विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. ते चालू असलं की हात जोरात हलवल्यावर पॉइंटर जास्त अंतर जातो, आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. गेममध्ये 'रॉ इनपुट' असेल तर तोही पर्याय चालतो.

उलटा की सुलटा?

काही जण माऊस पुढे ढकलला की खाली बघतात. त्यांना वेडं ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे. पण विमानाची दांडी पुढे ढकलली की नाक खालीच जातं. आपलं डोकंही पुढे कललं की नजर जमिनीवर येते. ज्याच्या मनात माऊस म्हणजे दांडी किंवा डोकं, त्याला उलटं सेटिंगच सुलटं वाटणार. ज्याच्या मनात माऊस म्हणजे पडद्यावरचा बाण, त्याला दुसरं. दोन्ही तर्कशुद्ध आहेत. वाद मिटला का? नाही मिटणार, पण निदान शिव्या कमी द्या.

अक्षर की जागा?

फ्रान्समधला कीबोर्ड ॲझर्टी असतो. तिथे आपल्या डब्ल्यू-ए-एस-डीच्या जागी झेड-क्यू-एस-डी येतात आणि तिथले खेळाडू तीच वापरतात. म्हणजे बोटांना अक्षराशी देणंघेणं नाही, जागेशी आहे. आपलं उदाहरण घ्या. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवला तर त्याच चार बटणांवर अनुक्रमे दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि पाय मोडायचं चिन्ह येतं! गेम जर अक्षर वाचत असेल तर तुमचा सैनिक जागचा हलणार नाही. जागा वाचत असेल तर बिनधास्त पळेल. मिनी प्रोजेक्टला जावास्क्रिप्टमध्ये गेम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : 'की' म्हणजे उमटणारं अक्षर, 'कोड' म्हणजे बटणाची जागा. चालण्यासाठी 'कोड' घ्या.

मी स्वतः एक घर उजवीकडे, ई-एस-डी-एफवर खेळतो. एफवरचा उंचवटा बोटाला लागतो, त्यामुळे न बघता हात जागेवर बसतो, आणि करंगळीला क्यू, ए, झेड मोकळी मिळतात. तोटा एकच, शिफ्ट लांब पडतं. माझी बोटं लांब आहेत म्हणून चालतं.

डावखुऱ्याचं काय?

इथपर्यंत मजा होती. आता जरा गंभीर. आमच्या विंगमधला एक मित्र डावखुरा आहे. माऊस डाव्या हातात, उजवा हात आय-जे-के-एलवर. गोळी आणि झूमची बटणं अदलाबदल केलेली. रूमवर त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. गेल्या वर्षी तो एका दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला खेळायला गेला. नियम असा की सर्वांना सारखे कंट्रोल, सेटिंग बदलायचं नाही, कारण "सगळ्यांना समान संधी". माऊसही उजव्या हाताच्या आकाराचा. पोरगा पहिल्या फेरीत बाहेर. परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, "मी हरलो असतो तर चाललं असतं रे, पण मी खेळलोच नाही."

सारखी बटणं म्हणजे समान संधी नव्हे. ज्याचा हात मूळ मांडणीला जुळतो, त्याला ती संधी आयती मिळते. दुसऱ्याला आधी स्वतःच्या हाताशी लढावं लागतं, मग समोरच्याशी. हे डावखुऱ्यांपुरतं नाही. ज्याचं मनगट दुखतं, ज्याचं एक बोट वाकत नाही, त्याला बटण बदलता येणं म्हणजे खेळता येणं. मोठ्या कंपन्यांनाही हे उशिरा का होईना कळलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी असा कंट्रोलर काढला की ज्याला हवं तसं बटण बाहेरून जोडता येतं.

मग करायचं काय?

आपल्या फेस्टच्या गेमिंग कमिटीला तीन सूचना. एक, प्रत्येक खेळाडूला सामन्याआधी दहा मिनिटं सेटिंगसाठी द्या. दोन, स्वतःचा माऊस आणि कीबोर्ड आणायला परवानगी द्या. आपोआप गोळ्या झाडणारे मॅक्रो तेवढे बंद ठेवा, ती खरी चोरी. तीन, दोन्ही हातांना चालणारे साध्या आकाराचे एक-दोन माऊस कमिटीकडे ठेवा. खर्च एका बॅनरपेक्षा कमी येईल.

आणि उद्या आपल्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअर किंवा मशीनचे पॅनेल बनवणार आहेत. तेव्हा बटणांच्या जागा कोडमध्ये पक्क्या ठोकू नका, त्यांचं एक सेटिंगचं पान ठेवा. एक टेबल आणि चार ओळी जास्त लागतील. पण कुठल्यातरी वर्कशॉपमधला डावखुरा ऑपरेटर तुम्हाला न बघता दुवा देईल.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर दुसऱ्या मजल्यावर या, लॅन लावू. तुमचं सेटिंग तुम्ही आणा.